मदत हवी आहे: आईला घेऊन बालीला चाललोय, व्हिसा ऑन अरायव्हल आणि पासपोर्टच्या ११ दिवसांचा घोळ

मनीषनगरवाली, ९ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी, नवरा आणि माझी आई (वय ५८) असे तिघं १६ मार्चला बालीला चाललोय, २३ ला परत. नागपूर-बेंगळुरू आणि तिथून देनपासार, म्हणजे बालीचा विमानतळ. तिकिटं दिवाळीतच सेलमध्ये काढून टाकली, कारण नंतर भाव बघून नवरा म्हणालाच असता की राहू दे, चिखलदऱ्याला जाऊ. बाली निवडलंच यासाठी की तिथं आपल्याला व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, म्हणजे आधी कुठे खेटे नाहीत, बँकेचे स्टेटमेंट नाहीत, उतरायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून बाहेर. निदान मला तरी असंच वाटत होतं.

परवा रात्री गोदरेजच्या कपाटातून पासपोर्ट काढले आणि आईच्या पासपोर्टवरची तारीख बघितली तर ५ सप्टेंबर २०२६. आता सगळीकडे लिहून आहे की सहा महिने व्हॅलिड पाहिजे, आणि आम्ही उतरतोय १६ मार्चला, म्हणजे १६ सप्टेंबरपर्यंत पाहिजे, म्हणजे फक्त ११ दिवस कमी पडून राहिले!! दुसरं म्हणजे तिच्या पासपोर्टच्या मागच्या पानावर एमिग्रेशन चेकचं काहीतरी लिहिलेलं आहे, ईसीआर म्हणतात ते. २०१६ मध्ये मामाकडे मस्कतला जायचं ठरलं होतं तेव्हा काढला होता, जाणं काही झालं नाही, पासपोर्ट कोराच आहे. आई सातवी शिकलेली.

सीताबर्डीवर एका एजंटकडे गेलो तर तो म्हणे काही टेन्शन नका घेऊ मॅडम, ऑन अरायव्हल आहे ना, तिथं कोण बघते तारखा, पैसे भरले की झालं. आणि व्हिसा सर्व्हिसचे माणशी साडेसहा हजार सांगितले. नवऱ्याला पटलं, मला रात्रभर झोप नाही. खरंच चालेल का? की आईचं तिकीट कॅन्सल करू? तिला अजून काही सांगितलं नाही, ती शेजारच्या काकूंना बाली बाली सांगत फिरतेय.

तर्री_पोहा, ९ जानेवारी

ताई, तो एजंट तुमाले बुडवून राहिला. तिथं कोण बघते म्हणे! अहो तिथपर्यंत जाऊच देत नाहीत ना. बेंगळुरूच्या चेक-इन काउंटरवरच विमान कंपनीवाले पासपोर्ट बघतात, त्यांच्या सिस्टिममध्ये त्या देशाचा नियम येते, अकरा दिवस कमी म्हणजे कमी, बोर्डिंग पास देतच नाहीत. कारण तिथून माणूस परत पाठवला तर खर्च विमान कंपनीच्या गळ्यात पडते, म्हणून ते तिथल्या साहेबापेक्षाही कडक असतात. माझ्या साळ्याचं असंच झालं, दुसऱ्या देशात जात होता पण किस्सा सेम, बायको-पोरं पुढे गेले आणि हा बाप्पा एअरपोर्टवरून रात्रीच्या विमानानं घरी. अजूनही लग्नाकार्यात त्याला कोणी ना कोणी विचारतेच, काहो, कसं होतं फॉरेन?

तिकीट कॅन्सल नका करू. आज ९ जानेवारी आहे, दोन महिने हाती आहेत, पासपोर्ट रिइश्यूला टाका, आजच.

भटका_विदर्भी, ९ जानेवारी

पोहेभाऊंशी सहमत. ऑन अरायव्हल या शब्दानं लोकांचा गैरसमज होतो, वाटतं की सगळं उतरल्यावर ठरते. प्रत्यक्षात विमानात चढायच्या आधीच अर्धं ठरलेलं असते. इंडोनेशियाला उतरायच्या दिवसापासून सहा महिने व्हॅलिडिटी आणि परतीचं तिकीट हे दोन्ही लागतंच, त्यात घासाघीस नाही.

पासपोर्ट संपायला एक वर्षाच्या आत असेल तर रिइश्यू करता येते. पासपोर्ट सेवाच्या साइटवर फॉर्म भरा, कारण म्हणून व्हॅलिडिटी संपत आल्याचा पर्याय निवडा. ३६ पानांचा साधा १५०० रुपये, तत्काळ पाहिजे तर वर २००० म्हणजे एकूण ३५००. मला मागच्या वर्षी साध्यात तीन आठवडे लागले, पण तुमच्याकडे तारीख ठरलेली आहे, अपॉइंटमेंट लांबची मिळून राहिली असेल तर तत्काळच करा, दोन हजारासाठी जीव टांगणीला नका लावू. आणि आता ई-पासपोर्ट येईल, आत चिप असते, कव्हरवर खाली सोनेरी चिन्ह दिसते. आपलं नागपूर तर त्याच्या अगदी सुरुवातीच्या शहरांमध्ये होतं.

ईसीआरबद्दल: दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का येतो, म्हणजे काही देशांत कामाला जायच्या आधी सरकारची परवानगी (क्लिअरन्स) घ्यायची. हे मुळात परदेशात कामाला जाणाऱ्या लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. अठरा देशांची यादी आहे, आखाती देश तर आहेतच पण इंडोनेशिया, थायलंड, मलेशिया पण त्यात आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. फिरायला जाणाऱ्याला ती क्लिअरन्स लागत नाही, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवायचं. पण इमिग्रेशनचा माणूस दोन प्रश्न जास्त विचारतो हे खरं, आणि आई घाबरून काहीतरी भलतंच बोलल्या तर वेळ जाते. तुमच्या केसमध्ये तर सोपं आहे, पन्नाशीच्या वर वय असलं की माणूस आपोआप नॉन-ईसीआरमध्ये येतो, शिक्षण कितीही असो. २०१६ ला आई ४८ च्या होत्या म्हणून शिक्का बसला. आता रिइश्यूच्याच फॉर्ममध्ये नॉन-ईसीआर टिक करा, एकाच फेरीत दोन्ही कामं.

मनीषनगरवाली, ९ जानेवारी

बाप रे. एका धाग्यात दोन्ही प्रश्न सुटले, त्या एजंटला आधी साडेसहा हजार गुणिले तीन देणार होतो आम्ही. पण मग आता व्हिसाचं काय, नवऱ्यानं ई-व्हीओए (ऑनलाइन व्हिसा ऑन अरायव्हल) की काय त्याचा फॉर्म काल रात्री अर्धा भरून ठेवलाय तिघांचा, आईच्या जुन्या पासपोर्टवर. पैसे भरायचे बाकी आहेत फक्त. ते भरून टाकू का, नंतर नंबर बदलता येईल ना?

भटका_विदर्भी, ९ जानेवारी

थांबवा त्यांना!! हीच चूक लोक करतात. व्हिसा पासपोर्ट नंबरला चिकटलेला असतो, नवीन पासपोर्ट म्हणजे नवीन नंबर, जुन्या नंबरवर काढलेला व्हिसा गेला पाण्यात, पैसे परत मिळत नाहीत. आधी पासपोर्ट हातात घ्या, मग व्हिसा. तसंही ई-व्हीओए काढल्यापासून ९० दिवसांच्या आत तिथं पोचायचं असते, त्यामुळे घाई करून काही मिळत नाही, फेब्रुवारीत काढा निवांत.

रेट: व्हीओए ५ लाख रुपिया माणशी. लाख ऐकून घाबरू नका, आपले पावणेतीन-तीन हजार होतात. ३० दिवस राहता येते, एकदा अजून ३० दिवस वाढवता येते. उतरल्यावर काउंटरवर घेतला तरी तेवढेच, आधी ऑनलाइन घेतला तरी फी तीच. फरक रांगेचा. रात्री एकदम तीन-चार विमानं उतरली की काउंटरची रांग बघून रडू येते, आईंना घेऊन तर ऑनलाइनच करा, मग ऑटोगेटनं, म्हणजे पासपोर्ट आणि चेहरा बघून आपोआप उघडणाऱ्या गेटनं, बाहेर पडता येते.

साइट मात्र सरकारीच, ईव्हिसा डॉट इमिग्रासी डॉट जीओ डॉट आयडी. शेवटी जीओ डॉट आयडी आहे का ते बघा, सर्च केल्यावर वर जाहिरातीत येणाऱ्या सारख्याच दिसणाऱ्या साइट्स दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टचं पहिलं पान स्कॅन, फोटो, परतीचं तिकीट एवढंच लागते. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव मधे घुसलेलं असते, ते तिकिटावर नसते, व्हिसावर अर्धवट असते, मग काउंटरवरचा पोरगा बघत बसतो. रिइश्यू करताना नावाचं स्पेलिंग नका बदलू, तिकीट जुन्या नावानं आहे तुमचं.

कूलरसमोर, १० जानेवारी

पैसे भरताना कार्ड रिजेक्ट झालं तर घाबरू नका. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर कार्डावर परदेशी व्यवहार बाय डिफॉल्ट बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल ऑनलाइन चालू करावं लागते. मी याच्यापायी दोन तास तिथल्या साइटला शिव्या घातल्या, नंतर पोरीनं ॲपमध्ये एक बटन दाबलं. आणि यूपीआय, रुपे वगैरे तिथं नाही चालत, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागेल. व्हिसासाठी व्हिसा, हाहा.

अजून दोन गोष्टी, एजंट लोक सांगत नाहीत. एक, बालीचा स्वतःचा टुरिस्ट कर आहे, दीड लाख रुपिया माणशी म्हणजे आपले आठशे-साडेआठशे, फेब्रुवारी २०२४ पासून. तो व्हिसात धरलेला नाही, लव्ह बाली नावाच्या साइटवर वेगळा भरायचा. दोन, ऑल इंडोनेशिया नावाचं अरायव्हल कार्ड, ते फुकट आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येते, क्यूआर येतो तो फोनमध्ये ठेवा. याचे पैसे मागणारी साइट दिसली तर पळा.

पुणे_तिथे_मी, १० जानेवारी

एवढी कटकट करण्यापेक्षा व्हिएतनाम का नाही? स्वस्त आहे, सगळे जातात हल्ली, ऑन अरायव्हल मिळतो.

तर्री_पोहा, १० जानेवारी

भाऊ तिकिटं काढून झाली त्यांची, वाचा तर खरं. आणि व्हिएतनामला आपल्यासाठी ई-व्हिसा असते, २५ डॉलर, आधी काढून जावा लागते, असं उतरून हात पसरला तर नाही देत. खरा फुकटात ऑन अरायव्हल मालदीवचा, पण तिथं खोलीच्या भाड्यात आपलं कळमन्यातलं संत्र्याचं दुकान येईल.

माझा प्रश्न वेगळाच आहे ताई. १६ ते २३ मार्च म्हणता, मधात पाडवा नाही का? १९ ला?

मनीषनगरवाली, १० जानेवारी

हो आहे ना, आईनं तेच विचारलं पहिलं, गुढी कुठं उभारायची म्हणून. हॉटेलच्या बाल्कनीत उभारू म्हटलं. का?

भटका_विदर्भी, १० जानेवारी

अरे हो, हे माझ्या लक्षातच नाही आलं! १९ मार्चला तिथं न्येपी आहे, त्यांचं नवीन वर्ष. बालीचे लोक बहुतेक हिंदू, त्यांचंही शक संवत, आपला पाडव्याला शके १९४८ लागतो तसा त्यांचाही १९४८ च लागतो. पण आपण ढोल-ताशे काढतो आणि ते त्या दिवशी संपूर्ण बेट बंद ठेवतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. विमानतळ बंद, दुकानं बंद, रस्त्यावर पाय ठेवायचा नाही, टुरिस्टनं पण नाही, रात्री दिवे लावायचे नाहीत, मोबाइलचं नेट पण बंद असते. रस्त्यानं पारंपरिक पोशाखातले पहारेकरी फिरतात, बाहेर दिसलात तर परत हॉटेलात.

ट्रिप बदलू नका, उलट नशीबवान आहात, आदल्या संध्याकाळी मोठमोठ्या राक्षसांच्या मूर्ती नाचवत मिरवणुका निघतात, ओगोह-ओगोह म्हणतात. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीची आठवण येईल. फक्त त्या दिवसाची टॅक्सी, बोट, टूर काही बुक करू नका आणि हॉटेलला आधीच विचारून ठेवा जेवण मिळेल का. आईंच्या गोळ्या १८ तारखेलाच जवळ ठेवा.

मनीषनगरवाली, १० जानेवारी

अहो आम्ही १९ चीच तर बेटावर जायची बोट बुक करणार होतो 😭 २१ ला ढकलते. नवरा म्हणतोय एक दिवस कोणी फोन करणार नाही, चांगलंच आहे की.

मनीषनगरवाली, १२ फेब्रुवारी

अपडेट. आईचा नवीन पासपोर्ट आला परवा, साध्यातच झालं, तत्काळ नाही लागलं. पोलीसवाले काका घरी येऊन चहा पिऊन गेले, आईनं त्यांना पण बाली सांगितलं. मागच्या पानावर ईसीआर नाही, कव्हरवर सोनेरी चिन्ह आहे, सगळं तुम्ही म्हणालात तसं. आज तिघांचे ई-व्हीओए काढले, कार्ड दोनदा रिजेक्ट झालं, मग कूलरभाऊंची पोस्ट आठवली, बटन चालू केलं, झालं.

मनीषनगरवाली, २७ मार्च

आलो परत, संत्राबर्फी शिल्लक नाही राहिली, चिवडा तिथल्या ड्रायव्हरला देऊन टाकला.

नागपूरवरून येताना आणि पुढचं असे दोन वेगळे पीएनआर होते, त्यामुळे बेंगळुरूला सामान घेऊन परत चेक-इन करावं लागलं, आईला घेऊन धावपळ झाली, पुढच्यांनी मधात किमान चार-पाच तास ठेवा. काउंटरवरच्या मुलीनं पहिलं काम काय केलं तर पासपोर्टची शेवटची तारीख बघितली. मी नवऱ्याकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता. मग परतीचं तिकीट, व्हिसा आणि ते क्यूआर, बास. बेंगळुरूच्या इमिग्रेशनला आईला एकच प्रश्न, कुणाबरोबर चाललात? तर म्हणे जावयाबरोबर. साहेब हसला.

देनपासारला ऑटोगेटवर आईचा चेहरा घेईना, चष्मा काढायला लावला, दुसऱ्यांदा उघडलं. शेजारची काउंटरची रांग खरंच रडण्यासारखी होती. त्या एजंटचं ऐकलं असतं तर त्या रांगेत पण नसतो, बेंगळुरूहूनच परत आलो असतो.

पाडव्याला गुढी उभारली. इतवारीतून नेलेली गाठी, आईचं नवं ब्लाऊजपीस आणि हॉटेलवाल्यानं दिलेली बांबूची काठी. त्याला वाटलं आम्ही कपडे वाळवतोय, आईनं मराठीतून समजावलं, त्यालाही समजलं म्हणते. संध्याकाळी पडदे ओढून अंधारात बसलो तिघं, कडुलिंब मिळाला नव्हता, बाकी सगळं झालं.

कूलरसमोर, २७ मार्च

वा! एकच विचारायचं होतं, जुना पासपोर्ट परत देतात का? माझ्या बाबांच्या जुन्यावर दुसऱ्या देशाचा चालू व्हिसा आहे, तो रिइश्यूला टाकायची भीती वाटून राहिली.

मनीषनगरवाली, २८ मार्च

देतात. आईचा कोपरा कापून, कॅन्सलचा शिक्का मारून परत दिला. बाबांच्या केसमध्ये त्या व्हिसाचं पान फाटलं-खराब झालं नाही ना बघा, आणि नवीन जुना दोन्ही सोबत नेले तर चालतं का हे त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर वाचून घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. सीताबर्डीवर विचारू नका फक्त.