स्किड स्टीअरची बकेट उजवीकडून लॉकच होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चाकणजवळच्या एका आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर आमचा स्किड स्टीअर लोडर भाड्याने चालतो. (आपल्याकडे मशीन कुठल्याही कंपनीचं असो, त्याला बॉबकॅटच म्हणतात. ते.) सांडलेली खडी नि क्रश सँड गोळा करायची, मधूनच ब्रेकर लावून वाळलेलं काँक्रीट फोडायचं. त्यामुळे बकेट काढ-लाव सारखी चालू.

कपलर, म्हणजे बकेट मशीनला अडकवणारी चौकट, हाताचा, दोन लिव्हरवाला. लिव्हर दाबला की त्याची पाचर बकेटच्या खालच्या भोकात उतरते. डावा लिव्हर दाबला की खट्‌कन बसतो. उजवा मात्र दोन बोटं वरच राहतो, नि सोडला की उसळतो. गेल्या मंगळवारी ढीग उचलताना बकेट उजवीकडून सुटली आणि डाव्या पाचरीवर लटकली. जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. ऑपरेटर दोन दिवस तो लिव्हर बाइंडिंग तारेने बांधून काम रेटत होता, हे नंतर कळलं. त्यावरून आमचं काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

ग्रीस मारून झालं. स्प्रिंग शाबूत आहे. बकेटच्या खालच्या पट्टीतली भोकं कोरून साफ केली, तरी तेच. ब्रेकर लावला तर दोन्ही लिव्हर पूर्ण बसतात, फक्त उजवीकडे जरा खेळ (सैलपणा) जाणवतो. बकेट कंपनीची नाही, फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली आहे.

फिटर म्हणतो, गॅसने भोक मोठं करू, पाच मिनिटांचं काम. वेल्डर म्हणतो, पाचर घासू. मला दोन्ही पटेना. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद

भोकाला हात लावू नका दादा. ती पाचर म्हणजे दाराची कडी नव्हे. ती निमुळती असते, भोकात उतरता उतरता बकेटची पाठ कपलरवर आवळते. भोक वाढवलं तर लिव्हर बसेल, पण बकेट डुलत राहील. पाचर घासूनही तेच होणार.

ब्रेकरला लिव्हर बसतो, म्हणजे दोष बकेटमध्ये. खाली खूप बघितलंत, आता वर बघा. बकेटच्या पाठीला वर जी तिरकी कड असते, तिच्या खोबणीत कपलरची वरची धार पूर्ण घुसली पाहिजे. आरएमसीवर तिथे स्लरी (सिमेंटचा पातळ चिखल) साचून दगड होते. मग कपलर तेवढा खाली राहतो, पाचर वेळेआधीच भोकाच्या कडेवर टेकते आणि लिव्हर वर अडकतो. बकेट जमिनीवर काढून ठेवा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला, मग छिन्नी लावा. साफ झाल्यावर खोबणीत सरळ पट्टी धरून बघा. वेल्डिंगच्या ओढीने कड वाकलेली असू शकते.

धागाकर्ता

तुमचं खरं निघालं! उजव्या कोपऱ्यातून बिस्किटाएवढी चपटी ढेप निघाली. आता लिव्हर जवळजवळ बसतो, पण तेवढ्याने भागत नाही. पट्टी लावली तर उजवीकडे कड आत ओढलेली दिसते. बकेट फॅब्रिकेटरकडे परत पाठवतोय, तोवर काम बंद. प्लँटवाले कुरकुरतायत, कुरकुरू देत. ब्रेकरच्या खेळाचं काय करू? उजवी पाचर तेवढी बदलू का?

प्रतिसाद

लिव्हर पूर्ण खाली जाऊनही खेळ उरतो म्हणजे पाचर तरी झिजली किंवा ब्रेकरचं भोक तरी लांबट झालं. दोन्ही पाचरी काढून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल. बदलायच्या तर जोडीनेच बदला.

आणि ऑपरेटरला एक सवय लावा. लिव्हर बसला म्हणून निघायचं नाही. खाली उतरून दोन्ही पाचरी भोकांतून बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघायच्या. मग परत चढून बकेटची धार जमिनीवर दाबून पुढची चाकं जराशी उचलायची. बकेट नि कपलरमध्ये फट दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ती तार फेकून द्या.