जुना प्रिन्स ऑफ पर्शिया जसाच्या तसा चालवायचा आहे, मदत हवी आहे

राजेहो, दारव्ह्याजवळच्या गावात राहतो, घरी जुना लॅपटॉप आहे, अन् भाच्याले डॉसवाला (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमवाला) १९९० चा प्रिन्स ऑफ पर्शिया गेम दाखवायचा आहे. नवीन चकाचक वाला नाही, तोच पाहिजे, साठ मिनिटांत राजकन्या सोडवायचा.

दोन रस्ते दिसले. एक डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम, त्यात मूळ फाइलच चालवायची. दुसरा एसडीएलपॉप, तो डॉसच्याच गेमचं डिसअसेंब्ली करून, म्हणजे तयार प्रोग्राम उलगडून, लिहिलेला पोर्ट (आजच्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती) आहे, अन् मूळचे बग म्हणजे चुका ठेवायच्या का दुरुस्त करायच्या ते आपल्या हाती. मले बग सकटच पाहिजे बाप्पा, नाहीतर मजा काय राहिली! पण इकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही, लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेली, अन् मूळ गेममध्ये सेव्ह तिसऱ्या लेव्हलपासूनच होते, म्हणून पोर्टमधलं क्विकसेव्ह (मधातच पटकन सेव्ह करणं) कामाचं वाटते. ते वापरलं तर बाकी खेळ, उडीचं टायमिंग वगैरे, तसंच राहते का?

दुसरं म्हणजे चित्र. ३२० बाय २०० चं चित्र जुन्या मॉनिटरवर ताणून ४:३ दिसायचं, माझ्याकडे प्रिन्स बुटका अन् जाडा दिसून राहिला. डॉसबॉक्समध्ये आस्पेक्टची (रुंदी-उंचीच्या प्रमाणाची) सेटिंग ट्रू केली तर कडा धूसर होतात, काहून?

हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं २०१२ मध्ये सोर्स कोड खुला केला, पण तो ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरच्या गेमचा. डॉसवाला रीतसर विकत कुठं भेटते का? नेट इथं स्लो आहे, व्हिडिओची लिंक नका देऊ, लिहूनच सांगा.