डेंगीत एसजीपीटी वाढलं: तापानं की गोळ्यांनी?

ए-२०४ काकू: भाच्याला डेंगी झालाय. वय २४, वजन ५२ किलो. आज सहावा दिवस, कालपासून ताप नाही. लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ४१२, एसजीपीटी २६८, बिलीरुबिन (काविळीचा आकडा) ०.९, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताच्या वाटेचं एन्झाइम) ११०, प्लेटलेट ७८ हजार. घरचे म्हणतात तापाच्या गोळ्यांनीच लिव्हर सुजलं. डॉक्टर, बघा की जरा.

बी-३०१ डॉक्टर: काकू, या आकड्यांवर डेंगीचीच छाप जास्त आहे. डेंगीत एसजीओटी बहुतेक वेळा एसजीपीटीच्या वर असतं, कारण ते स्नायूंतूनही येतं आणि या तापात अंग ठेचल्यासारखं दुखतं ते उगाच नाही. दोन्ही आकडे साधारण सातव्या ते नवव्या दिवसापर्यंत चढतात, मग उतरतात. म्हणजे उद्या आणखी वाढले तरी लगेच घाबरू नका. पण गोळ्या निर्दोष सुटल्या असं म्हणत नाही. सहा दिवसांत पोटात काय काय गेलं, सगळं लिहा. कंपनीचं नाव नको, पाकिटाच्या मागचे घटक वाचून.

सी-१०२ लॅब ताई: तोवर एक हिशोब. एसजीपीटी २६८, वरची मर्यादा ४०, म्हणजे ६.७ पट. अल्कलाइन फॉस्फेटेज ११०, मर्यादा १२०, म्हणजे ०.९२ पट. भागाकार ७.३. पाच किंवा वर आला तर मार लिव्हरच्या पेशींवर, दोन किंवा खाली आला तर पित्त अडकल्यासारखा, मधला आला तर मिश्र.

बी-३०१ डॉक्टर: बरोबर. फक्त या भागाकारानं डेंगी आणि पॅरासिटामॉल (तापाची गोळी) वेगळे होत नाहीत, दोन्ही पेशींवरच मारतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखं अँटिबायोटिक असतं तर बहुतेकदा पित्ताकडचा किंवा मिश्र आकडा दिसला असता. संशयितांची यादी थोडी छोटी होते, एवढाच उपयोग.

ए-२०४ काकू: विचारलं. पॅरासिटामॉल ६५०, दर सहा तासांनी, अजून चालू. सर्दीची गोळी दिवसातून तीनदा. अंगदुखीला काल दोन गोळ्या. आणि गुळवेलीचा काढा.

डी-४०१ मेडिकल काका: ओ काकू, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. समजा ५०० चं आहे. ६५० चौक २६००, ५०० त्रिक १५००, मिळून ४१०० मिलिग्रॅम. ५२ किलोला किलोमागं जवळपास ७९. डेंगीत दिवसाला ३ ग्रॅमच्या वर जायचं नसतं, त्यात हा पोरगा काही खात नसणार. अंगदुखीच्या गोळीत काय लिहिलंय?

ए-२०४ काकू: असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल ३२५.

डी-४०१ मेडिकल काका: मग काल ४७५० झालं. असेक्लोफेनॅक तर डेंगीत नकोच, रक्तस्रावाची भीती आणि लिव्हरलाही त्रास.

बी-३०१ डॉक्टर: आता चित्र बदललं. सर्दीची, अंगदुखीची आणि काढा आजपासून बंद. गुळवेलीनं लिव्हर बिघडल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापून आणले आहेत. सगळ्यांना होतं असं नाही, पण आत्ता प्रयोग नको. आणि ताप नाही तर ६५० घड्याळ लावून कशाला देताय? उपाशीपोटी गोळीचं विष मारणारं ग्लुटाथायोन संपत येतं, म्हणून एरवी चालणारा डोसही जड जातो.

आज संध्याकाळीच इस्पितळात दाखवा आणि हा ४७५० चा हिशोब सांगा. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) सांगून करून घ्या. एन-ॲसिटिलसिस्टीन (पॅरासिटामॉलवरचा उतारा) द्यायचं का, ते एसजीपीटी आणि आयएनआर बघून ठरतं. पॅरासिटामॉलच्या रक्तपातळीचा आलेख एका वेळी एकदम घेतलेल्या डोससाठी आहे, दिवसभर थोडं थोडं घेतलेल्याला लागू होत नाही. एसजीपीटी हजारांत गेलं आणि आयएनआर वाढायला लागलं तर संशय गोळीवर जास्त. बिलीरुबिन ०.९ आहे, हा दिलासा. ताप उतरल्यानंतरचे ४८ तास डेंगीत धोक्याचे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी किंवा बडबड यांतलं काही दिसलं तर रात्रीही थांबू नका.

सी-१०२ लॅब ताई: एचबीएसएजी (हिपॅटायटिस-बी ची तपासणी), हिपॅटायटिस-ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गाची तपासणी) पण जोडा. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, बॅरल भरून ठेवतो, डास त्यातच. पाइपात सांडपाणी मिसळलं तर हिपॅटायटिस-ई. दोन्ही एकत्र असू शकतात आणि मग दोष विनाकारण गोळीला जातो.

ई-१०३ दादा: विषय निघालाय म्हणून. वडिलांचं एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) चालू आहे, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. एसजीपीटी १४०. बंद करू का?

बी-३०१ डॉक्टर: स्वतःहून अजिबात नाही. मळमळ, उलटी, काविळीसारखं काही असेल तर तीन पट, नसेल तर पाच पट, ही थांबवण्याची सीमा. १४० म्हणजे साडेतीन पट. त्रास असेल तर आजच टीबीच्या डॉक्टरांना भेटा. एचबीव्ही डीएनए (रक्तात हिपॅटायटिस-बी चा विषाणू किती ते) मात्र करून घ्या, कारण विषाणूच उसळला असेल तर एकेटी थांबवून काही साधणार नाही. टेनोफोव्हिर (या विषाणूवरची गोळी) चालू असेल तर त्याला हात लावू नका, ते थांबवलं की विषाणू पुन्हा उसळतो. टीबीच्या गोळ्या थांबवल्या तर एसजीपीटी दोन पटीखाली आल्यावर एकेक परत, आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड. पायराझिनामाइड शेवटी, नाहीतर नाहीच.

ए-२०४ काकू: बरं डॉक्टर. रिकाम्या पाकिटांची पिशवीच घेऊन निघतो.

सी-१०२ लॅब ताई: परवा सकाळी फेर-रक्त, उपाशी राहायची गरज नाही. एसजीओटी लवकर उतरतं, एसजीपीटी मागून. एसजीओटी खाली गेलेलं दिसलं की उतार सुरू.

डी-४०१ मेडिकल काका: काढ्याची बाटली पण न्या पिशवीत. तीच घरी राहते.