लेखनाचा वर्ग आणि आईचा अबोला : आपले अनुभव लिहावेत

शिवाजीपेठकरीण
मी कोल्हापुरात प्रौढांसाठी लेखनाचे वर्ग घेते. गेल्या आठवड्यात एका निवृत्त तलाठ्यांनी आपल्या आईवर लिहिलेले दीड पान वाचून दाखवले आणि त्यांना शाबासकी देता देता मला माझाच एक जुना लेख आठवला. वडील आजारी असताना आईने आपल्या पाटल्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका पेढीवर गहाण ठेवून भावाच्या इंजिनिअरिंगचे शुल्क भरले आणि मला एम. ए. साठी वर्षभर थांबायला सांगितले, हे मी एका दिवाळी अंकात लिहिले होते. लेखात आकस नव्हता, असे मी आजही म्हणेन. शेजारच्या काकूंनी कौतुकाने तो अंक घरी आणून दिला. आईने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, ‘‘माझं दुखणं गल्लीतल्या नळावर मांडायचं होतं व्हय?’’

आई आता 81 वर्षांची आहे आणि मंगळवार पेठेत भावाकडे राहते. मी रविवारी जाते. भाजीचे भाव, देवळातली गर्दी आणि गुडघे यांविषयी ती माझ्याशी बोलते. त्यापलीकडचे काही मी काढले की तिला ऐकू येत नाही. भाऊ बाहेरच्या खोलीतून बोलला तरी मात्र ते तिला नेमके ऐकू जाते. घरातल्या माणसांवर लिहायला भिऊ नका, असे मी वर्गात सांगते आणि ते मनापासून सांगते. ज्यांच्या आया थकल्या आहेत आणि ज्यांच्या घरी असे काही अडून राहिले आहे, त्यांनी लिहावे. सल्ले नसले तरी चालतील.

मिसळ_आणि_मी
भावाचे ऐकू येणे हा विकार आमच्याही घरी आहे, त्यामुळे तुमचे दुःख पूर्णपणे समजले. आमची आई तर भावाने न बोललेलेही ऐकते.

गुऱ्हाळघर
माझा अनुभव उलटा आहे. मी आमच्या गुऱ्हाळावर एक कथा लिहिली आणि तिच्यात वडील सगळ्या मजुरांदेखत आईला टाकून बोलतात, असा एक प्रसंग घातला. तो प्रसंग खरा होता आणि मी तेव्हा रस आटवायच्या काहिलीपासून चार हातांवर उभा होतो. कथा छापून आल्यावर आईला वाचून दाखवताना माझे हात थरथरत होते. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘चुलवाणात चिपाडं घालतोय त्यो जळव्या. गुळव्या काहिलीपाशी हुबा असतोय. येवढं तरी नीट लिही.’’ त्या प्रसंगाविषयी ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतरही बोलली नाही. माझ्या कथेतली चूक तिने पुढे दोन पाहुण्यांना मात्र सांगितली.

शिवाजीपेठकरीण
गुऱ्हाळघर, तुमच्या आईंना माझ्या वर्गावर पाठवा. अशा नजरेचे संपादक आता मिळत नाहीत.

श्रवणचाचणीवाला
तुम्हाला सल्ला नको आहे, तरीही या क्षेत्रात काम करतो म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत येतात, त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो आहे ते कळत नाही. बायकांचा आणि मुलांचा आवाज मुळात वरच्या पट्टीतला असल्याने तो पुरुषांच्या जाड आवाजापेक्षा आधी निसटतो. मुलाचे ऐकू येते आणि मुलीचे येत नाही, ही तक्रार घेऊन लेकी वरचेवर येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत ती श्रवणचाचणीच्या आलेखावर स्पष्ट दिसते. ओरडल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण त्यामुळे स्वर मोठे होतात आणि व्यंजने तशीच पुसट राहतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. तुमच्या आईंचे सगळेच न ऐकणे कानांमुळे आहे, असा माझा दावा नाही.

कुंभारगल्लीची_लेक
2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आई शाहूपुरीत एकटी राहत होती. तिचे आणि माझे तेव्हा जेमतेम बोलणे होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीवर गेले तेव्हा मी तिला फोन केला आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर पुन्हा केला. दोन्ही वेळा ‘‘माझ्या दारात अजून आलं न्हाई’’ हेच उत्तर मिळाले. शेवटी गल्लीतल्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचलून बाहेर काढले आणि ती माझ्याकडे आली. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, नवरा पुण्यात अडकला होता, नळाला पाणी नव्हते आणि आम्हा दोघींना एकमेकींपासून सुटका नव्हती. टँकर आला की दोघी मिळून घागरी भरायच्या आणि उरलेल्या वेळात माझी कांदा-लसणाची चटणी कशी बिघडलेली आहे यावर वाद घालायचा, असा आमचा दिनक्रम होता. तिला माझे लग्न का मान्य नव्हते, हे मी त्या घागरींच्या रांगेत उभी असताना प्रथमच विचारले. तिने सांगितले ते मला पटले नाही आणि येथे लिहिण्यासारखेही नाही, पण त्यानंतर ती माझ्या घरी जेवू लागली.

पंचाहत्तरीपार
मी 76 वर्षांची आहे आणि तुमच्या आईच्या बाजूने लिहिते आहे. राग मानू नये. आमच्या पिढीत दागिना गहाण पडला की मनगट भरलेले दिसावे म्हणून बाई काचेच्या चार बांगड्या जास्त भरत असे, कारण मोकळे मनगट पहिल्यांदा शेजारणीच्याच नजरेस पडत असे. तुमच्या आईने इतकी वर्षे जे झाकून ठेवले, ते तुमच्या लेखाने त्याच शेजारणीच्या हातात दिले. मुलाला आधी आणि मुलीला नंतर, हे चुकीचेच होते आणि ते तिलाही तेव्हा कळत असणार. पण मला तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कोठे दिसली नाही. त्या पाटल्या सुटल्या का आणि सुटल्या असतील तर कोणाच्या पैशाने?

शिवाजीपेठकरीण
काकू, राग मुळीच नाही. पाटल्या सुटल्या एवढे खरे, कारण भावाच्या लग्नात वहिनीच्या हातात त्याच होत्या. आई त्या काळात रात्री उशिरापर्यंत साड्यांना फॉल लावत असे हे मला आठवते. त्या कामाचा आणि पाटल्यांचा संबंध होता की नाही, हे तीच सांगू शकेल. लेख मी मागे घेणार नाही, कारण ते वर्ष माझे गेले होते आणि त्याविषयी लिहिण्याचा हक्क मला आहे. मात्र पाटल्या सुटल्याची हकिगत तिची आहे आणि ती सांगायची की नाही, हे तिनेच ठरवावे.

पंचाहत्तरीपार
विचारताना भाऊ आणि वहिनी घरात नसतील, एवढे पाहा.

मिसळ_आणि_मी
श्रवणचाचणीवाले, आम्ही आईला ऐकण्याचे यंत्र आणून दिले होते, पण ताटल्या कानात आपटतात असे म्हणून तिने ते दुसऱ्याच दिवशी डब्यात ठेवून दिले. यावर काही उपाय असतो का?

श्रवणचाचणीवाला
असतो. बरीच वर्षे न ऐकलेले आवाज एकदम आले की मेंदू गांगरतो आणि त्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत तासभरच लावावे, मग हळूहळू वेळ वाढवावा, स्वयंपाकघरात आणि लग्नकार्यात अगदी शेवटी. जेथून घेतले तेथे पुन्हा नेऊन आवाज जुळवूनही घ्यावा. आणि यंत्र कानात बसवायचे काम लेकीने स्वतःकडे न घेता नातवंडाला द्यावे. त्यांच्यावर आजी खेकसत नाहीत.