शेळ्यांना इंजेक्शन देऊनही उवा आणि गोचीड का जात नाहीत?

प्रश्न (शेळीपालक, बार्शी तालुका)
माझ्याकडे २४ उस्मानाबादी शेळ्या आहेत. थंडी पडल्यापासून त्या खांबाला अंग घासतात आणि पाठीवरचे केस झडू लागले आहेत. केस बाजूला केल्यावर पिवळसर बारीक किडे आणि केसांना चिकटलेल्या लिखा दिसतात. कानांत व शेपटीखाली गोचीडही आहेत. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दोनदा दिले, तरी चार दिवस बरे वाटून त्रास पुन्हा सुरू होतो. औषध बनावट आहे का?

उत्तर १ (पशुवैद्यक)
औषधाला दोष देण्याआधी कीड कोणती, हे पाहावे. आयव्हरमेक्टिन रक्तातून पोहोचते, त्यामुळे रक्त पिणाऱ्या उवांवर आणि खरजेच्या किडीवर ते चालते. परंतु आपण वर्णन केलेल्या पिवळसर उवा बहुधा चावणाऱ्या असून त्या रक्त न पिता त्वचेचा कोंडा खातात, म्हणून इंजेक्शनचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी बाहेरून फवारणीच हवी. डेल्टामेथ्रीन १.२५ टक्के हे औषध एक लिटर पाण्यात २ मिली मिसळून, डोळे व तोंड वाचवून, त्वचा ओली होईपर्यंत उन्हाच्या वेळी मारावे. फवारणीपूर्वी शेळ्यांना भरपूर पाणी पाजावे, म्हणजे त्या अंगावरचे पाणी चाटणार नाहीत. लिखा या औषधाने मरत नाहीत, त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी केल्याशिवाय पहिलीचा उपयोग नाही. बहुतेक जण नेमकी हीच फवारणी चुकवतात. लहान करडांसाठी व गाभण शेळ्यांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्या शेळ्यांचे दूध घरात वापरले जाते, त्यांना आयव्हरमेक्टिन देऊ नये.

गोचिडीचे गणित वेगळे आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. शेळीवर दिसते ती थोडीच, बाकीची गोठ्यात असते. म्हणून फटी बुजवून, चुना लावून, गोठ्यातही फवारणी करावी. तिथले प्रमाण बाटलीसोबतच्या पत्रकाप्रमाणे ठेवावे. गोचीड हाताने चिरडू नये, कारण काही गोचिडींतून क्रायमियन काँगो तापाच्या विषाणूची लागण माणसाला होऊ शकते. गुजरातमध्ये २०११ साली त्याचे रुग्ण आढळले होते.

उत्तर २ (मेंढपाळ कुटुंबातील)
आमच्या मेंढ्या शेतात बसवल्या जातात आणि वाडा (मेंढ्यांच्या मुक्कामाची जागा) काही दिवसांनी हलतो, त्यामुळे खाली पडलेल्या गोचिडीला तीच मेंढी पुन्हा सापडणे अवघड जाते. तरीही चरताना नव्या गोचीड लागतातच. लोकर दाट असताना औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आम्ही कातरणीनंतर, कातरीच्या जखमा भरल्या की मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवतो. नवी जनावरे कळपात मिसळण्याआधी वेगळी ठेवणे मात्र आम्हाला उशिरा सुचले.

प्रश्नकर्ता
आपले म्हणणे पटले. गोठ्याच्या भिंती दगडमातीच्या आहेत आणि फटींमध्ये हात घातला तर मूठभर गोचीड निघतील, अशी अवस्था आहे. रात्री त्याच गोठ्यात कोंबड्या बसतात. फवारणीच्या दिवशी त्यांचे काय करावे?

उत्तर १ (पशुवैद्यक)
खाद्य व पाण्याची भांडी बाहेर काढावीत, आणि भिंती व जमीन पूर्ण कोरडी होईपर्यंत कोंबड्या व शेळ्या दोन्ही बाहेर ठेवाव्यात. फटीत हात मात्र घालू नये.