भ्रूण की गर्भ? एका वाक्यापाशी अडकलेय

तुटकी_लेखणी:
भ्रूणातून स्टेम सेल (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी) काढण्यावरचा नैतिक वाद, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. पाच-सहा दिवसांचा एम्ब्रियो, शे-दीडशे पेशींचा गोळा, त्यातल्या आतल्या पेशी काढल्या की तो पुढे वाढत नाही. मी लिहिलं "भ्रूण नष्ट होतो". तपासणाऱ्या बाईंनी खोडून "गर्भ मारला जातो" केलं, म्हणे भ्रूण कोणाला कळतो, गर्भ सगळ्यांना कळतो. अहो पण मग वादाचा निकाल तिथेच लागला ना?

दुसरा_काना:
बाईंचं चुकलंच. काचेच्या बशीत, आयव्हीएफमधून उरलेला, आणि गर्भ म्हणायचं? गर्भाशय कुठाय? शिवाय आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण, नंतर गर्भ, असंच शिकलोय.

खोडसाळ:
'भ्रूण' तरी कुठे सोवळा आहे. मराठीत तो एकटा फिरतच नाही, 'हत्या'ला बरोबर घेऊनच येतो, इतकी वर्षं स्त्रीभ्रूणहत्या वाचून वाचून कान तयार झालेत. आणि संस्कृत कोशात भ्रूण म्हणजे विद्वान ब्राह्मण असाही अर्थ आहे, आता बोला.

तुटकी_लेखणी:
इंग्रजीतही हेच झालंय. १९८४ ला ब्रिटनच्या वॉरनॉक समितीने भ्रूणावरच्या संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा सुचवली, ब्रिटनने १९९० च्या कायद्यात घातली, आणि त्याच काळात त्या १४ दिवसांतल्या भ्रूणाला 'प्री-एम्ब्रियो' हा शब्द चालला. विरोधक म्हणाले, संशोधन खपवायला काढलेला शब्द आहे हा. मी 'पूर्वभ्रूण' लिहिलं की मीही एका बाजूची.

जुनं_ते_सोनं:
'कलल' घ्या की! गर्भोपनिषदात एका रात्रीचं कलल, सात रात्रींचा बुद्बुद, अर्ध्या महिन्यात पिंड. अर्धा महिना म्हणजे किती दिवस, मोजा.

खोडसाळ:
झालं. म्हणजे ऋषींना प्रिमिटिव्ह स्ट्रीक, भ्रूणावरची ती पहिली रेघ, दिसत होती. अहो १४ दिवस धरले कारण साधारण तेव्हा ती रेघ उमटते आणि मग एकाचे दोन जुळे व्हायची शक्यता संपते, त्यात पण माणसांनी बसून ठरवलेली सोय आहेच. आणि पिंड लिहिलं तर लोक "त्याचा पिंडच तसा" असं वाचतील.

आडवाट:
मध्येच घुसतो. शीर्षकात स्टेम सेलला 'मूलपेशी' नाही ना लिहिलंत? आमचे बाबा कित्येक दिवस ते 'मुलांच्या पेशी' असं समजून संतापत होते. मूळपेशी लिहा, ळ ने.

दुसरा_काना:
स्टेम म्हणजे खोड हो, मूळ कसं? स्कंधपेशी बरोबर.

तुटकी_लेखणी:
१८६८ ला जीवशास्त्रज्ञ हेकेलने जर्मनमध्ये 'श्टामत्सेले' (स्टेम सेल) म्हटलं ते वंशवृक्षाच्या अर्थाने, सगळ्या जीवांचा एकपेशीय पूर्वज. म्हणजे आपला मूळपुरुष. मूळपेशी चालेल. पण माझा प्रश्न तो नव्हता…

आडवाट:
बघा! (स्कंधपेशी ऐकून मला खांदा दुखल्यासारखं वाटतं.)

रोखठोक:
सरळ स्टेम सेल लिहा, डॉक्टर तेच म्हणतात, पेशंट तेच म्हणतात. एका भाषांतरात मी 'पेशींच्या रांगा' वाचलंय, अमेरिकेच्या बुशने ९ ऑगस्ट २००१ ला आधीच तयार असलेल्या 'लाइन्स'वरच (म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या स्टेम सेल) सरकारी पैसा देऊ म्हटलं, त्याचं हे. शुद्ध मराठीच्या नादात पेशी रेशनला उभ्या केल्या.

दुसरा_काना:
तो शुद्धतेचा दोष नाही, आळसाचा आहे. 'पेशीवंश' म्हणा, विषय मिटला. नाहीतर हृदयाला पण हार्टच लिहा.

रोखठोक:
लिहितातच. हार्ट अटॅक.

जुनं_ते_सोनं:
जपानच्या शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ ला उंदराच्या साध्या पेशी मागे नेऊन भ्रूणातल्या स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या, भ्रूण लागलाच नाही. म्हणजे हा शब्दाचा वादच आता जुना.

तुटकी_लेखणी:
जुना कसला, त्या खरंच तशाच आहेत का ते ताडून बघायला भ्रूणातल्याच लागतात ना. असो. उद्या लेख द्यायचाय. 'भ्रूण नष्ट होतो' ठेवू का 'भ्रूणाची वाढ थांबते'? दुसरं मला पळपुटं वाटतंय.

खोडसाळ:
पळपुटंच आहे. पण 'नष्ट' पण वस्तूला वापरतात, कागदपत्रं नष्ट केली वगैरे.

आडवाट:
बाय द वे 'पेशी' म्हणजे आधी स्नायू ना? मांसपेशी? मग सेलला पेशी कोणी केलं?

दुसरा_काना:
हां, हा खरा प्रश्न. हिंदीत कोशिका म्हणतात बघा…