मदत हवी आहे: व्हिडिओची लिंक टाकली की लोक वैतागतात

मी मालवणचा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचे, बांगडे खारवतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, हाताशी वेळ आहे, म्हणून जुनं चित्रण एडिट करून रोज एक टाकतोय. लिंक गावाच्या, भजनाच्या, अगदी भावकीच्या ग्रुपवरसुद्धा. परवा काका म्हणाले, "रोज उठान तुझीच जाहिरात बघूची काय रे मेल्या?" (खरं तर बरोबरच आहे त्यांचं.)

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली, पण ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणजे पुन्हा तेच काका!

शॉर्ट्सला मूळ व्हिडिओ जोडून कोणाचे प्रेक्षक वाढलेत का? आणि अनोळखी ग्रुपवर लिंक टाकण्याआधी किती दिवस नुसत्या गप्पा माराव्यात?